मधल्या गावाचे पाणी

ही पुस्तिका तलावाच्या पाण्यावर आहे, तरी तिच्या पहिल्या निम्म्या भागात तलाव फारसा येत नाही. येतात ते डोंगरउतार, नेवाडाची शेते, ओहोळ, नाले, पपईचे प्लॉट आणि गावातली गटारे. ही मांडणी मुद्दाम केली आहे. तलावाचे पाणी बहुतेक वेळा तलावात बिघडत नाही. ते वर कुठेतरी, वाटेत कुठेतरी बिघडते आणि तलावात आल्यावर आपल्याला दिसते. जिथे दिसते तिथेच उपाय करायचा, ही आपली जुनी सवय. म्हणून जलपर्णी काढायला निविदा निघते, गाळ काढायला जेसीबी येतो, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते.

आपले ब्राह्मणपुरी गाव नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूला आहे. मध्य प्रदेशाची हद्द इथून जवळ. खेतियाचा बाजार इथल्या माणसाला परका नाही. डोंगरातून सुसरी उतरते, तिच्यावर धरण आहे, पुढे तिचे पाणी गोमाईला मिळते आणि गोमाई प्रकाशाला तापीत जाते. प्रकाशा म्हणजे खानदेशाची दक्षिण काशी. अस्थी घेऊन, पर्वणी साधून लांबलांबची माणसे तिथे येतात आणि त्याच पाण्यात डुबकी मारतात. तिथून तापी गुजरातेत शिरते, १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात थांबते आणि शेवटी सुरतेला जाते. सुरत शहर तापीचे पाणी पिते. आपल्या जिल्ह्यातली किती तरी पोरे पोटासाठी सुरतेला गेली आहेत. त्यांच्या नळाला जे येते त्यात आपल्या शिवारातून वाहून गेलेले पाणीही असते.

या सगळ्या वाटेवर ब्राह्मणपुरी मध्ये आहे. डोंगरातल्या पाड्यांच्या खाली आणि प्रकाशाच्या घाटाच्या वर. वर जे होते ते आपल्याकडे उतरते, आपण जे करतो ते पुढे जाते. पाण्याच्या गुणवत्तेविषयी बोलताना आपण नेहमी स्वतःला खालचे समजतो: कुणीतरी घाण सोडली आणि ती आपल्याला भोगावी लागली. ते पुष्कळदा खरेही असते. पण त्याच वेळी आपण कुणाच्या तरी वर असतो, हे आठवत नाही. मधल्या गावाला दोन्ही बाजूंना तोंड करून उभे राहावे लागते. ही पुस्तिका तसे उभे राहण्याच्या तयारीची आहे.

सुरुवात वरून करू.

पहिल्या पुराचे पाणी न पाहिलेला माणूस या भागात सापडणार नाही. जून संपता संपता डोंगरात एक दणका पाऊस होतो आणि नाला अंगावर येतो. काटक्या, पाचोळा, एखादी चप्पल, पुड्यांची प्लास्टिके आणि सगळ्यांत जास्त म्हणजे माती. त्या पुराचे आपल्याला कौतुक असते. धरण भरू लागले की चेहरे खुलतात, आणि खुलावेतच. पण त्या गढूळ पाण्यात काय काय आहे हे एकदा नीट पाहायला हवे. जाड वाळू धरणाच्या तोंडाशीच बसते. बारीक चिकणमातीचे कण मात्र आत खोलवर जातात, आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. या कणांना चिकटून स्फुरद येतो. पिकाला डीएपी किंवा सुपर फॉस्फेट देणाऱ्या शेतकऱ्याला स्फुरद म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मुळे वाढावीत, फुले धरावीत म्हणून आपण तो पैसे मोजून टाकतो. नत्र पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबर निघून जाते. स्फुरद मातीला धरून बसतो. म्हणून माती गेली की स्फुरद गेला, आणि तो जिथे जाऊन थांबतो ते ठिकाण म्हणजे तलाव.

तलावात तो काय करतो, याचा एक प्रयोग शास्त्रज्ञांमध्ये फार गाजलेला आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या चिंचोळ्या जागी आडवा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले. एका भागात त्याबरोबर स्फुरदही घातला. स्फुरद पडलेला भाग शेवाळाने हिरवा झाला, दुसरा निवळ राहिला. वरून काढलेला तो फोटो पाहिला की एका पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे तलाव आहेत असे वाटते. शेताला जे खत, तेच तलावाला आजार. शेवाळ वाढते, मरते, तळाशी जाऊन कुजते; कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे वर तोंड काढून मरतात.

यापुढची पायरी जास्त गंभीर आहे. हिरव्या पाण्यातले काही सूक्ष्मजीव विष तयार करतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नका असा इशारा द्यावा लागला. चार लाखांहून जास्त लोक बाटल्यांसाठी रांगेत उभे राहिले. शहराचे पाणी एरी सरोवरातून येत होते आणि सरोवरात येणारा स्फुरद मुख्यतः वरच्या शेतांमधून. आपल्याकडे पाण्याची शंका आली की ‘उकळून प्या’ असे सांगितले जाते. जंतूंसाठी ते बरोबर आहे. या विषावर उकळण्याचा उपयोग होत नाही. उलट पाणी आटते आणि विषाचे प्रमाण वाढते. कोल्हापूरचा रंकाळा सांडपाण्याने हिरवा झाला तेव्हा आपण ती त्या शहराची अडचण समजलो. पण खत आणि सांडपाणी जिथे थांबते तिथे कुठेही तसेच होणार, मग ते रंकाळ्याएवढे जुने तळे असो की आपल्या नाल्यावरचा बंधारा.

म्हणून तलावाचे रक्षण म्हणजे पहिल्यांदा मातीचे रक्षण. आणि माती डोंगरात आहे.

सातपुड्याच्या उतारांवर पावरा आणि भिल्ल कुटुंबे शेती करतात. जमीन थोडी, चढाची, दगडांमधली. जंगल काढून केलेल्या शेताला इथे नेवाड म्हणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने या जमिनी कसणाऱ्यांचा हक्क मान्य केला, आणि ते न्यायाचे झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगर सांभाळला त्यांना अतिक्रमणवाले ठरवून कोर्टकचेरीत फिरवले जात होते. १९७० च्या दशकात याच शहादा तालुक्यात अंबरसिंग महाराजांसारख्या माणसाने आणि श्रमिक संघटनेने जमिनीसाठी केवढा लढा दिला, हे जुन्या माणसांना आठवत असेल. तो इतिहास इथे काढण्याचे कारण एवढेच की डोंगरातल्या मातीविषयी बोलताना सपाटीवरच्या माणसाच्या तोंडून ‘ते लोक जंगल तोडतात’ हे वाक्य फार लवकर निघते. सपाटीवरच्या चांगल्या जमिनी कुणाकडे गेल्या आणि उतारावर कुणाला चढावे लागले, हे त्या वाक्यात येत नाही.

हक्क मिळाला, पण बांध घालायला पैसा आणि हात कुठून येणार? चढाच्या शेताला दर दोन-तीन वर्षांनी दगडी बांध नीट करावा लागतो, वरच्या अंगाला समतल चर खणावे लागतात, ओहोळाच्या काठाला गवत आणि झाडे राखावी लागतात. हे काम करायचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरचे. आणि नेमके तेव्हा पाडे रिकामे होतात. माणसे उसतोडीला, बांधकामावर, गुजरातेत. उन्हाळ्यात परत येतात ती पेरणीच्या तोंडावर. बांध तसाच फुटका राहतो आणि पहिला पाऊस माती घेऊन खाली येतो. म्हणजे तलावात गाळ भरण्याचे एक कारण स्थलांतर आहे. रोजगार हमीचे काम वेळेवर निघाले, मजुरी वेळेवर मिळाली तर निम्मी कुटुंबे तरी गावात थांबतील. तेच काम बांधांचे असेल तर तलाव वाचेल. पाण्याच्या पुस्तिकेत मजुरीचा विषय का, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर हेच आहे.

खालच्यांनी वरच्यांचा खर्च उचलावा ही कल्पना नवी वाटेल, पण ती करून पाहिलेली आहे. न्यूयॉर्क शहराला कॅटस्किल डोंगरातून पाणी येते. एक वेळ अशी आली की पाणी गाळण्याचा अवाढव्य कारखाना बांधा, नाहीतर डोंगरातले पाणी मुळातच स्वच्छ राखा, असे दोनच रस्ते उरले. कारखान्याचा खर्च अब्जावधी डॉलरचा होता. १९९७ मध्ये शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला: शेणखताच्या जागा पक्क्या करायला, ओढ्याकाठी कुंपण घालून गुरे बाजूला ठेवायला, गावांच्या सांडपाण्याची सोय करायला शहराने पैसे दिले. शेतकऱ्यांना हुसकावले नाही. एवढे श्रीमंत शहर हिशेब करून जर या निष्कर्षाला आले, तर शहादा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी, पाणीवापर संस्थांनी आणि कारखान्यांनी वरच्या पाड्यांबरोबर बसून बोलायला काय हरकत आहे? सुरुवातीला पैशाचीही गरज नाही. वरच्या पाड्यावर चार दिवस बांधबंदिस्तीचे श्रमदान, त्यात खालच्या गावातली माणसे. मला हे भाबडे वाटत नाही.

आणि इतके लांब जायचे नसेल तर शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जावे. कोकणा आदिवासींचे लहानसे गाव. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. नियम गावानेच केले, दंडही गावानेच ठरवला, राखणही पाळीपाळीने गावानेच केली. जिथे बाया पाण्यासाठी वणवण फिरत होत्या तिथे विहिरींना पाणी टिकू लागले आणि शेजारच्या गावांची तहान भागवण्याची ऐपत आली. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाचे निरोप फिरवले. बारीपाड्याची गोष्ट सांगताना बहुतेक लोक पाणी किती वाढले ते सांगतात. मला त्यात पाणी कसे वाढले हे जास्त महत्त्वाचे वाटते. जंगलाखालचा पाचोळ्याचा सायीसारखा जाड थर पावसाचा मार झेलतो, पाणी जिरवतो आणि ते सावकाश, गाळून, झऱ्याला सोडतो. पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची शुद्धता ही दोन कामे जंगल एकदमच करते. आपण मात्र एकासाठी जलसंधारण खाते आणि दुसऱ्यासाठी आरोग्य खाते अशी वाटणी करून ठेवली आहे.

डोंगरात अजून कित्येक पाडे झिऱ्यावर पाणी भरतात. ओढ्याच्या कडेला हाताने उकरलेला खड्डा, भोवती चार दगड, एक वाटी आणि हंडा. रात्रभरात जेवढे पाझरेल तेवढे सकाळी मिळते. झिऱ्याच्या वर कुणी शौचाला बसू नये, गुरे उतरू नयेत, याची काळजी त्या पाड्यातल्या बाया न सांगता घेतात, कारण तिथे वर आणि खाली यांच्यात दहा पावलांचे अंतर असते. तोरणमाळच्या यशवंत तलावाचेही थोडेफार असेच. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असलेल्या पठारावरचा तो तलाव. काठावर उभे राहिले की त्याला पाणी देणारा बराचसा मुलूख डोळ्यांना दिसतो. महाशिवरात्रीच्या यात्रेला आणि सुटीच्या दिवसांत येणारी माणसे जे टाकून जातात ते पावसात कुठे जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सुसरीसारख्या धरणाचे पाणलोट क्षेत्र असे एका नजरेत मावत नाही. ते गावांच्या, तालुक्यांच्या, कदाचित राज्याच्याही हद्दी ओलांडते. जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर तरी दिसावे म्हणून पुस्तिकेत नकाशा काढण्याचा एक संपूर्ण धडा आहे. शाळेतल्या मुलांनी आपापल्या नाल्याचा उगम शोधत चालत जावे, वाटेत काय काय लागते ते लिहावे आणि सगळ्यांचे कागद जोडून एक मोठा नकाशा करावा, अशी त्याची रीत आहे.

आता सपाटीवर येऊ, कारण इथे बोट आपल्याकडे वळते.

शहाद्याची पपई दिल्लीपर्यंत जाते. केळी, ऊस, कापूस यांनी या पट्ट्याला पैसा दिला. सातपुडा साखर कारखान्याने आणि सहकाराने या भागाचे रूप बदलले. हे सगळे पाण्यावर आणि खतावर उभे आहे. पपईच्या रोपावर विषाणूची भीती असते म्हणून लागवडीनंतर पांढरे क्रॉप कव्हर घालतात, खाली मल्चिंग पेपर अंथरतात, ड्रिपमधून विद्राव्य खते सोडतात, वरून फवारणी करतात. शेतकरी हे हौसेने करत नाही. एक रोप गेले तर वर्षाचा हिशेब चुकतो. पण हंगाम संपल्यावर फाटलेले कव्हर आणि पेपर बांधावर पडतात, वाऱ्याने नाल्यात जातात. आणि संध्याकाळी फवारणी आटोपली की पंप कुठे धुतला जातो? बहुतेक वेळा जिथे पाणी वाहते तिथे. पाटात, नाल्यात, विहिरीच्या कडेला. टाकीत उरलेले औषध पालथे करायचे, दोन वेळा खळखळायचे, रिकामी बाटली तिथेच झुडपात फेकायची. खाली कुणाची तरी म्हैस पाणी पीत असते.

पंप शेतातच, पिकाच्या ओळीत धुवावा आणि ते पाणी त्याच पिकावर मारावे. बाटली तीन वेळा धुऊन ते पाणी टाकीत घ्यावे, मग तिला भोक पाडावे. खताचा डोस माती परीक्षणाच्या कागदावरून ठरवावा, दुकानदाराच्या बोलण्यावरून नव्हे. ज्या शेतात स्फुरद आधीच पुरेसा आहे तिथे आणखी पोती टाकणे म्हणजे ती पैसे देऊन गोमाईत सोडणे. नाल्याच्या काठाला निदान चार-पाच मीटर पट्टी नांगरू नये. तिथे गवत, बांबू, करंज वाढू द्यावे. पुस्तिकेत यांतल्या प्रत्येक गोष्टीवर चित्रांसह पाने आहेत. यांतल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाही, आणि काहींनी पैसा वाचतो.

एक गोष्ट मात्र इथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती या भूभागाची खास आहे. सातपुडा जिथे संपतो आणि तापीचे खोरे सुरू होते तिथे डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचा, वाळूचा पट्टा आहे. भूजलशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. जळगावच्या यावल-रावेर भागात तो प्रसिद्ध आहे. पाणी या पट्ट्यात पडले की झपाट्याने खाली जाते. म्हणून पुनर्भरणाच्या मोठ्या योजना याच पट्ट्यावर नजर ठेवून आखल्या जातात. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी महाकाय पुनर्भरण प्रकल्पाचा करार केला तो याच विचाराने. शेजारच्या शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून विहिरींना पाणी आणले, ते पाहायला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. हे काम मोलाचे आहे. पण जिथून पाणी झपाट्याने खाली जाते तिथून घाणही तितक्याच झपाट्याने जाते. काळ्या मातीच्या जाड थरातून मुरणारे पाणी वाटेत बरेच काही मागे सोडते. दगडगोट्यांतून जाणाऱ्याला गाळणी नसते. त्यामुळे शेतातले गढूळ, खतमिश्रित पाणी सरळ विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडून पुनर्भरण झाले असे मानणे धोक्याचे आहे. आधी गाळाचा खड्डा, मग खडी-वाळूची गाळणी, मगच विहीर. भूजलात एकदा नायट्रेट गेले की ते काढायला ना टीसीएल उपयोगी ना तुरटी. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त असेल तर सगळ्यांत आधी धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असतो. त्याच्या दुधाची पावडर याच पाण्यात कालवली जाते.

गावातल्या पाण्याविषयी फार लांबण लावत नाही, कारण आरोग्य सेवक आणि जलसुरक्षक ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. टाकीत टीसीएल टाकावी, शेवटच्या नळाला क्लोरीनची ओटी चाचणी घ्यावी, रंग पिवळा आला तरच पाणी पिण्याजोगे समजावे. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांचे सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते, ते कोणते मिळाले हे ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. शोषखड्ड्याशिवाय सोडलेले गटार शेवटी नाल्यातच जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणा आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या असलेल्या शहरात ते घडले. नंदुरबार जिल्ह्यात कुपोषणाविषयी इतके बोलले जाते, पण ज्या मुलाला दर महिन्याला जुलाब होतात त्याच्या अंगी पोषण आहाराचा घास लागणार कसा, हे त्यात क्वचित येते.

श्रावणात कानबाईला नदीवर नेतात. नारळाची देवी, पाटावर सजवलेली, डफ-वाजंत्रीच्या गजरात, घराघरांतून निघालेली. आमच्या खानदेशात याहून मोठा आनंदाचा सोमवार नाही. तिच्या विसर्जनाला पाणी लागते आणि त्या पाण्यात सगळ्या बाया-पोरे पाय बुडवतात. देवीसाठी म्हणून तरी त्या दिवशी घाट स्वच्छ असावा, असे वाटणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. काम त्यांच्यापासूनच सुरू करावे.

आता कायदे. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा आहे, राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, २००९ चा भूजल कायदा आहे. शहादा तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या नियोजनात गावाच्या पंचायतीला जागा दिली आहे. या शेवटच्या कायद्याचा वापर आपण फार कमी करतो. मासेमारीचा ठेका, गाळ काढण्याची परवानगी, विटभट्टीला दिलेली जागा हे सगळे ग्रामसभेत चर्चेला यायला हवे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे; धरणात वाहून गेलेली माती परत शेतात नेण्याची कल्पना मला फार पटते. त्यात स्फुरदही परत येतो. फक्त गाळाच्या नावाखाली वाळू जाऊ नये यावर डोळा ठेवायला गावचीच माणसे लागतात.

मात्र नुसत्या कायद्याने पाणी राखले जात नाही, हे खानदेशाने फार पूर्वी ओळखले होते. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर फड पद्धत किमान तीनशे वर्षे चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि शिवाराचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली, त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर त्याची झळ सगळ्यांना सारखी. पाटाची देखभाल सगळ्यांनी मिळून करायची, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागले, वर हवालदार. त्यांची मजुरी शेतकऱ्यांनी पिकातून द्यायची. त्या नियमांच्या वह्या कुठल्या कचेरीत तयार झाल्या नव्हत्या. धरणे आली, पंप आले, बोअर आले आणि फड मागे पडले. त्यांना जसेच्या तसे परत आणता येणार नाही. पण पाणी किती घ्यायचे याचे नियम ज्या लोकांनी स्वतः बसवले आणि पाळले, त्यांच्या वारसांना पाणी कसे ठेवायचे याचे नियम बसवता येणार नाहीत, असे मला मुळीच वाटत नाही. नाल्याकाठची न नांगरायची पट्टी, पंप धुण्याची जागा, गुरांना पाणी पाजण्याचा वेगळा हौद, वरच्या पाड्यावरच्या बांधांचे दिवस: चार नियम, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारा एक पाटकरी. त्याची मजुरी गावाने द्यावी.

नियम पाळल्याचा उपयोग होतो का, हे कळायला मोजणी लागते. पुस्तिकेच्या शेवटच्या भागात तीन चाचण्या दिल्या आहेत, तिन्ही शाळेत करता येतात. पहिलीला ताट लागते. १८६५ मध्ये इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी समुद्राच्या पाण्याची नितळता मोजायला एक चकती वापरली. जगभर तलावांवर आजही तीच रीत चालते. वीस सेंटिमीटर रुंदीची स्टीलची ताटली घ्या, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली जड बोल्ट बांधा, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. भर दुपारी, नावेतून किंवा धक्क्यावरून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ती पाण्यात सोडा. जिथे दिसेनाशी होते तो आकडा लिहा. पावसाळ्यात हा आकडा लहान असणार. हिवाळ्यातही तो दरवर्षी लहान होत चालला असेल तर शेवाळ वाढते आहे किंवा गाळ खाली बसत नाही, असे समजावे.

दुसरी चाचणी एचटूएसच्या बाटलीची. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर विष्ठेतले जंतू पाण्यात आहेत अशी शंका घेऊन पुढची तपासणी करायची. तिसरी नायट्रेटची, जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणीचे जे किट हाताळायला शिकवतात, त्याच किटमध्ये ती होते. या महिलांना आम्ही पुस्तिकेत वेगळे पान दिले आहे, कारण किट कपाटात पडून राहण्याचा अनुभव सगळीकडे सारखाच आहे. त्यांच्या हातात किटबरोबर नोंदवही आणि ग्रामसभेत बोलायला वेळ, दोन्ही दिले पाहिजे.

नमुने तीन ठिकाणांहून घ्यावेत: धरणात येणाऱ्या नाल्यातून, धरणातून, आणि गावाच्या खाली जिथे आपल्या शिवाराचे पाणी नदीला मिळते तिथून. तिसऱ्या जागेचा आग्रह आम्ही मुद्दाम धरला आहे. आपल्याकडे आलेल्या पाण्यापेक्षा आपण सोडलेले पाणी वाईट असेल तर ते आपल्याच वहीत, आपल्याच हाताने लिहिलेले असावे. वर्षातून चार वेळा, म्हणजे पहिल्या पुरानंतर, पोळ्याच्या आसपास, संक्रांतीला आणि पाणी आटल्यावर मे महिन्यात. वही शाळेत राहील. तिची एक नक्कल वरच्या पाड्यावर जाईल आणि एक खालच्या गावाला, त्यांनी मागितली नसली तरी.